माझं अमेरिकेतलं पहिलं मत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याच्या अधिकारावर आलेल्या लेखाचा फोटो आईने मिरजेहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली तिची एक ओळ होती : "तुमच्या गावाचं नाव आलंय बघ." आमचं गाव म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. लेखात म्हटलंय की साथीच्या काळात शाळा बंद ठेवणाऱ्या तीन स्कूल बोर्ड सदस्यांना तिथल्या पालकांनी मतदान करून घरी बसवलं, आणि आपल्याकडेही नगरसेवकांपासून सुरुवात करून असा कायदा आणावा. उदाहरण खरं आहे. पण त्या तिघांबद्दल मत देणाऱ्यांत मीही होते, आणि लेख वाचताना सारखं वाटत राहिलं की हे एवढं सरळ नव्हतं. पत्र लांबलं आहे. कात्री लावायला माझी हरकत नाही, फक्त शेवटाला लावू नका.

आधी तारखा. शहरातल्या सरकारी शाळा १६ मार्च २०२० ला बंद झाल्या. लहान वर्ग १२ एप्रिल २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या बहुतेक मुलांना त्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. आणि रिकॉलचं, म्हणजे सदस्यांना परत बोलावण्याचं, मतदान झालं १५ फेब्रुवारी २०२२ ला. म्हणजे आम्ही मतं दिली तेव्हा सगळ्या शाळा उघडून सहा महिने होऊन गेले होते. त्या मतदानाने एकही शाळा एक दिवसही आधी उघडलेली नाही. सह्यांच्या मोहिमेचा धाक वाटून हालचाल झाली असेल, नाही असं म्हणत नाही. पण धाक इतरही होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर खुद्द शहरानेच आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेवर, शाळा उघडण्यासाठी दावा लावला होता.

मग उघडलेल्या शाळांसाठी लोक सहा महिन्यांनी मत द्यायला का गेले?

मी एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रक्त, लघवी, घशातले स्वॅब हे माझं रोजचं काम. २०२० च्या वसंतात आमच्याकडे नमुन्यांचे ट्रे येत तेव्हा हातमोज्यांच्या आत माझे हात घामाने भिजत. तेव्हा शाळा बंद झाल्या ते मला योग्यच वाटलं होतं, आजही वाटतं. मास्कविरुद्ध तर मी कधीच नव्हते. हे आधीच सांगते, कारण रिकॉलला मत दिलं म्हटलं की इथे लोक लगेच तुमची रवानगी एका ठरावीक कंपूत करतात.

मुलगा तेव्हा दुसरीत होता. तिसरीचं बहुतेक सगळं वर्ष त्याने आउटर सनसेटमधल्या आमच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी काढलं. टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला त्याच्या बाबाचं ऑफिस. मी कामावर. संध्याकाळी घरी आल्यावर "आज काय शिकलास?" विचारलं की उत्तर यायचं, "आज म्यूट होतो." पाढे त्याला माझ्या आईने शिकवले. ती चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आमचे सकाळचे आठ म्हणजे तिचे रात्रीचे साडेआठ. ती जेवून, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसायची आणि दोघांचं "बे एके बे" सुरू व्हायचं. बारा पाढे झाले. बाकी सगळं अर्धवट.

त्या शरद ऋतूत आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरची चर्चची शाळा परवानगी घेऊन उघडली. गणवेशातली, मास्क लावलेली मुलं सकाळी रांगेने जाताना आमच्या खिडकीतून दिसत. मुलगा पाहत बसायचा. त्याने एकदाच विचारलं, "त्यांना करोना होत नाही का?" विज्ञान शिकलेल्या आईकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं. त्यांच्याकडे फी भरायला पैसे होते, एवढंच.

आता बोर्डाबद्दल. इथे शाळांचा कारभार सात निवडून आलेले सदस्य बघतात. त्यांच्या बैठका साथीत झूमवर होत, कोणीही बघू शके, आणि त्या मध्यरात्रीपर्यंत चालत. मी बऱ्याच पाहिल्या. काही भांडी घासताना, काही इस्त्री करताना.

२६ जानेवारी २०२१ च्या बैठकीत बोर्डाने ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव सहा विरुद्ध एक मताने मंजूर केला. यादीत जॉर्ज वॉशिंग्टन होते, अब्राहम लिंकन होते, आणि या शहराच्या माजी महापौर, तेव्हा सिनेटर असलेल्या डायन फाइन्स्टाइनही होत्या. नावं बदलायला माझा तत्त्वतः विरोध नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला नामांतराचं महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण ज्या समितीने यादी केली तिने इतिहासाच्या जाणकारांना विचारलंच नव्हतं. पॉल रिव्हिअर या स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसाचं नाव यादीत आलं, कारण तो ज्यात होता ती पेनॉब्स्कॉटची मोहीम म्हणजे तिथल्या मूलनिवासींची जमीन बळकावण्याचा प्रकार, असा समितीचा समज झाला. प्रत्यक्षात ती ब्रिटिशांच्या किल्ल्यावरची चढाई होती. त्या दिवशी यादीतल्या एकाही शाळेत नेहमीसारखे वर्ग भरत नव्हते. आईला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोर घरात आणि बारसं शाळेचं!" आमच्या घरात ही म्हणच होऊन बसली. एप्रिलमध्ये बोर्डाने तो ठराव मागे घेतला.

फेब्रुवारीत एका पालक सल्लागार समितीवर एका स्वयंसेवक वडिलांना घ्यायचं की नाही यावर सुमारे दोन तास चर्चा झाली. समितीत एकही पुरुष नव्हता. पण हे गृहस्थ गोरे होते, आणि त्यांच्या येण्याने समितीच्या वैविध्यात भर पडते की नाही हा प्रश्न होता. त्या रात्री मी इस्त्री बंद करून खाली बसले. वैविध्य हा फालतू विषय आहे असं मला कसं वाटेल? इथे माझ्या नावाचा उच्चार अजून कोणाला धड जमत नाही. पण दोन तास, आणि तेही त्या महिन्यात!

त्याच महिन्यात शहरातल्या नावाजलेल्या सरकारी लोवेल हायस्कूलचा गुणांवरचा प्रवेश काढून सोडत लावण्याचा निर्णय झाला. शहरातल्या चिनी वस्तीत तो सगळ्यांत जास्त लागला. मग बोर्डाच्या उपाध्यक्ष ॲलिसन कॉलिन्स यांची २०१६ ची जुनी ट्विट बाहेर आली. त्यांत आशियाई अमेरिकन लोकांबद्दल जे लिहिलं होतं त्याने पुष्कळ घरं दुखावली. मार्चमध्ये बोर्डाने त्यांचं उपाध्यक्षपद काढून घेतलं, तर त्यांनी डिस्ट्रिक्टवर आणि आपल्याच पाच सहकाऱ्यांवर ८ कोटी ७० लाख डॉलरचा दावा ठोकला. डिस्ट्रिक्ट तेव्हा स्वतःच तुटीच्या खड्ड्यात होतं. पुढे ती तूट साडेबारा कोटी डॉलरवर गेल्याचं आपण वाचलं असेल. कोर्टाने दावा ऑगस्टमध्ये फेटाळला.

तेव्हा आपल्या लेखकाला मला सांगायचं आहे ते हे, की लोकांनी तिघांना शाळा बंद ठेवल्याबद्दल काढलं नाही. शाळा इतरही पुष्कळ शहरांत बंद होत्या. शाळा बंद असताना यांचं लक्ष दुसरीकडे होतं, म्हणून काढलं. घरात आजारी माणूस असताना कर्ता पुरुष पडद्यांचे रंग निवडत बसला, तर आजार त्याने आणला नाही हे कळत असूनही घरच्यांचा संताप होतो. तसा तो संताप होता.

आणि संतापाला कायद्याच्या चौकटीत बसवलं की काय होतं तेही सांगते, कारण लेखात नेमकं तेच गळलंय. नामांतराच्या बाजूने सहा मतं पडली होती. पण इथल्या नियमाप्रमाणे पदावर येऊन सहा महिने झाल्याशिवाय कोणाविरुद्ध रिकॉल सुरू करता येत नाही. सातपैकी चौघे नोव्हेंबर २०२० मध्ये नुकतेच निवडून आले होते, त्यांतले काही तर पुन्हा. ते वाचले. सापडले तिघेच : कॉलिन्स, गॅब्रिएला लोपेझ आणि फाउगा मोलिगा. दर माणशी ५१ हजारांवर सह्या लागत होत्या. पुढाकार घेणाऱ्या दोघांपैकी एक, शिवा राज, मूळचे भारतातले. स्वयंसेवकांनी बाजारांत टेबलं टाकली, पण पैसाही ओतला गेला. व्यक्तिगत देणगीदारांत सगळ्यांत मोठे होते आर्थर रॉक, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतले एक जुने आणि गब्बर गुंतवणूकदार. विरोधकांकडे त्या मानाने काहीच नव्हतं. 'पालकांचा उठाव' म्हणताना हेही म्हणायला हवं.

रविवारच्या बाजारात अशाच एका टेबलाजवळ एक चिनी आजोबा उभे होते. "मतदार आहात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, नागरिक नाही मी." त्यांनी माझ्या मुलाकडे बोट दाखवलं, "हा आहे ना? मग आहात." आणि हातात एक पत्रक दिलं.

तेव्हा कळलं की २०१६ मध्ये शहराच्या मतदारांनी प्रपोझिशन एन नावाचा प्रस्ताव मंजूर केला आहे. शहरात राहणाऱ्या १९ वर्षांखालच्या मुलाचे आईवडील किंवा पालक असाल, तर नागरिक नसतानाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं. मला ग्रीन कार्ड मिळालं होतं २०१९ मध्ये. देशाच्या कारभारात माझं मत शून्य. पण मुलाच्या शाळेबाबत चक्क एक!

नोंदणीचा अर्ज मात्र वाचण्यासारखा होता. त्यावर ठळक इशारा होता, की इथे दिलेलं नाव आणि पत्ता इमिग्रेशनच्या अंमलबजावणी खात्याच्या हाती पडू शकतो, तेव्हा वकिलाचा सल्ला घ्या. शिवाय ही नोंदणी त्या एका निवडणुकीपुरतीच, पुढच्या वेळी पुन्हा. नवऱ्याने अर्ज वाचला आणि तो सरळ म्हणाला, "मी नाही भरणार. तूही भरू नकोस. बारा वर्षं रांगेत काढली आपण, आता कशाला वाघाच्या शेपटीला हात?" त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आम्ही दोन दिवस नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी अर्ज भरला.

मतपत्रिका टपालाने आली. शेजारच्या बाईंच्या मतपत्रिकेवर शहराच्या करमूल्यांकन अधिकाऱ्याचं पदही होतं. माझ्यावर फक्त तीन प्रश्न : अमुक व्यक्तीला स्कूल बोर्डातून परत बोलवावं का? हो किंवा नाही. असे तीन वेळा. माझं अमेरिकेतलं पहिलं मत कोणाला निवडण्यासाठी नव्हतं, काढण्यासाठी होतं. तीन संध्याकाळी ती पत्रिका फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली होती. तिघांची मतं, भाषणं, कोणी चूक कबूल केली, कोण शेवटपर्यंत ताठ राहिलं, जमेल तेवढं वाचलं. मी दोन ठिकाणी 'हो' केलं आणि एका ठिकाणी 'नाही'. नाही कोणाला ते सांगत नाही, मतदान गुप्त असतं.

त्या 'नाही'चा उपयोग शून्य झाला. तिघेही दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी गेले, कॉलिन्स तर तीन चतुर्थांशांहून जास्त. मतदान झालं सुमारे ३६ टक्के. शहरात त्याआधीचं रिकॉल १९८३ मध्ये झालं होतं, महापौर असलेल्या फाइन्स्टाइन यांच्याविरुद्ध. त्या दणक्यात टिकल्या होत्या.

आणि रिकाम्या जागांवर कोण बसलं? हा प्रश्न आपल्या लेखात नाही. लोकांनी काढलं, पण नवीन तीन माणसं लोकांनी निवडली नाहीत. महापौर लंडन ब्रीड यांनी नेमली. शिवाय त्या तिघांची मुदत तशीही त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर संपणार होती. म्हणजे एवढा सगळा खटाटोप काही महिन्यांसाठी. नेमलेल्यांपैकी ॲन शू या रिकॉलच्या मोहिमेतच पुढे आलेल्या. काही महिन्यांत एका प्रश्नावलीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावरून गदारोळ झाला, माफी मागावी लागली, आणि नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या. नवीन बोर्डाने लोवेलचा गुणांवरचा प्रवेश परत आणला. पण पगाराच्या नव्या संगणक प्रणालीने शिक्षकांचे पगार चुकवायला सुरुवात केली होती, ते महिनोन् महिने निस्तरत राहिले. आणि २०२४ मध्ये पटसंख्या घटली म्हणून दहाहून अधिक शाळा बंद किंवा एकत्र करण्याची यादी निघाली. लोक पुन्हा रस्त्यावर आले आणि सुपरिंटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना, राजीनामा द्यावा लागला. शाळा बंद होणार हे शब्द दुसऱ्यांदा ऐकताना मुलगा सातवीत होता. त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

सॅन फ्रान्सिस्को हा अपवाद आहे हेही नोंदवायला हवं. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत स्कूल बोर्ड सदस्यांविरुद्ध रिकॉलचे ९० हून जास्त प्रयत्न सुरू झाले. बहुतेक मतदानापर्यंतही पोचले नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीजवळच्या मेक्वॉन-थिएन्सव्हिल इथे चार सदस्यांविरुद्ध नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान झालं, चारही टिकले. व्हर्जिनियात तर मतदान नाहीच, सह्या गोळा करून कोर्टात जावं लागतं. कितीतरी गावांत लोक चिडले होते ते शाळा बंद म्हणून नव्हे, तर उघडल्या आणि मास्क सक्तीचा केला म्हणून. हत्यार तेच, तक्रार नेमकी उलटी. माझ्यासारखी बाई त्या गावात असती तर सदस्यांच्या बाजूने उभी राहिली असती.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे पहिलीचा वर्ग डिसेंबर एकवीसला उघडला. तुझ्याकडचा एप्रिलला. आम्ही कोणाला बोलवायचं परत?" मी गप्प बसले. महाराष्ट्रातल्या लहान मुलांची शाळा आमच्याहून सात-आठ महिने जास्त बंद होती, आणि त्यासाठी जाब विचारायला निवडून आलेलं स्कूल बोर्ड असं काही तिथे नाहीच. थेट निवडून आलेल्या सरपंचाला ग्रामसभेत मतदान घेऊन काढायची सोय मधल्या काळात झाली, गेली, परत आली. आपल्या लेखकाने नगरसेवकांच्या आधी तिथे डोकवायला हवं होतं. तिथला अनुभव त्यांना सॅन फ्रान्सिस्कोहून जास्त उपयोगी पडला असता.

माझ्या त्या मताची गोष्ट एवढ्यात संपली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये कोर्टाने प्रपोझिशन एन घटनाबाह्य ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने ते पुन्हा वैध केलं. त्या वर्षभरात मी रात्री उठून पाणी प्यायचे आणि विचार करायचे, की दिलेलं मत नंतर बेकायदा ठरू शकतं का. नवरा एकदाही "मी म्हटलं होतं ना" म्हणाला नाही. ते त्याच्याकडून मोठंच.

ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक प्रश्न आहे : तुम्ही अमेरिकेत केंद्र, राज्य किंवा स्थानिक, कोणत्याही निवडणुकीत कधी मतदार म्हणून नोंदणी किंवा मतदान केलं आहे का? २०२४ च्या अर्जात त्याखाली एक सवलतही दिली आहे. नागरिक नसलेल्यांना परवानगी असलेल्या स्थानिक निवडणुकीतच तुम्ही कायदेशीर मत दिलं असेल, तर 'नाही' असं उत्तर दिलं तरी चालेल.

वकीलबाई म्हणाल्या, "सरकारच म्हणतंय तर 'नाही' लिहा. उगाच मुलाखतीत प्रश्न वाढतील." नवरा पेन घेऊन शेजारी बसला होता. मी 'हो'वर खूण केली आणि तारखेसकट एक कागद जोडला : स्कूल बोर्ड, १५ फेब्रुवारी २०२२, तीन प्रश्न.

आपली,
सुनीता माने
सॅन फ्रान्सिस्को (मूळ मिरज)